बटाट्याच्या वाणांतील करपा-प्रतिकारक्षमता : चाचणीपद्धती आणि निकष यांची चिकित्सा

गोषवारा

बटाट्याचे नवे वाण प्रसारित करताना त्याच्या वर्णनात 'करप्यास प्रतिकारक' हे विशेषण बहुधा आढळते. हे विशेषण ज्या चाचण्यांच्या आधारे दिले जाते, त्या चाचण्यांची गृहीतके, त्यांची रचना आणि त्यांच्या निष्कर्षांची मर्यादा यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रतिकारक्षमता हा केवळ वाणाचा गुण नसून वाण, रोगकारक आणि स्थळ-काळ यांच्यातील संबंध आहे. प्रचलित चाचण्या या संबंधाचे रूपांतर एका अंकात करतात आणि तसे करताना टिकाऊ प्रतिकारक्षमतेपेक्षा ठळक दिसणाऱ्या, परंतु ठिसूळ प्रतिकारक्षमतेला झुकते माप देतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : उशिरा येणारा करपा, फायटोप्थोरा इन्फेस्टन्स, क्षेत्रीय प्रतिकारक्षमता, प्रभेद, कुफरी ज्योती.

१. प्रास्ताविक

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत 'करपा' हा एकच शब्द आहे. मात्र बटाट्यावर त्या नावाने येणारे रोग दोन आहेत. लवकर येणारा करपा हा अल्टरनेरिया सोलानी या बुरशीमुळे होतो. उष्ण हवेत, प्रथम जुन्या पानांवर, एकात एक वर्तुळे असलेल्या तपकिरी ठिपक्यांनी तो ओळखू येतो. उशिरा येणारा करपा फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या सूक्ष्मजीवामुळे होतो. थंड व दमट हवेत तो काही दिवसांतच उभे शेत काळे करतो. 'करपा-प्रतिकारक' असे नुसते म्हटल्यास त्यातून यांपैकी कोणता रोग अभिप्रेत आहे, हे कळत नाही. वर्णनातील संदिग्धता येथूनच सुरू होते.

दुसरी संदिग्धता रोगकारकाच्या वर्गीकरणाची आहे. उशिरा येणारा करपा हा आजही व्यवहारात बुरशीजन्य रोग म्हणून गणला जातो. तथापि फायटोप्थोरा ही खरी बुरशी नव्हे. तिच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज व तत्सम ग्लुकान असतात आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने तिचे नाते तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. खऱ्या बुरशीतील अर्गोस्टेरॉलच्या निर्मितीवर आघात करणारी बुरशीनाशके या रोगकारकावर निष्प्रभ ठरतात, कारण तो अर्गोस्टेरॉल तयारच करत नाही. औषधांच्या बाबतीत असे पर्याय मर्यादित असल्याने वाणाच्या अंगभूत प्रतिकारक्षमतेचे मोल वाढते आणि ती मोजणाऱ्या चाचणीची जबाबदारीही वाढते.

प्रस्तुत लेखाचा विषय उशिरा येणाऱ्या करप्यापुरता मर्यादित आहे. या रोगाच्या बाबतीत चाचणी चुकल्यास त्याची किंमत प्रयोगशाळेला नव्हे, तर शेतकऱ्याला मोजावी लागते. 'प्रतिकारक' या शब्दावर विसंबून तो महागडे बेणे घेतो, फवारण्या कमी करतो आणि दमट हवेच्या एका आठवड्यात हंगाम गमावतो.

२. निसर्गाने घेतलेली परीक्षा

प्रतिकारक्षमतेची पहिली मोठी परीक्षा कोणत्याही संशोधन केंद्राने घेतलेली नाही. १८४५ मध्ये बेल्जियममधून पसरत गेलेला रोग त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयर्लंडमध्ये पोहोचला. तेथील गरीब कुटुंबांचे जीवन 'लम्पर' या एकाच वाणावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळपास तितक्याच लोकांनी देश सोडला. या दुष्काळामागे जमीनधारणा व राज्यकारभार यांची कारणे होतीच. परंतु रोगापुढे संपूर्ण लागवड एकाच वेळी उघडी पडली, यास वाणाची एकविधता कारणीभूत होती. माइल्स बर्कली यांनी १८४६ मध्ये रोगाचे कारण सूक्ष्मजीव असल्याचे मांडले. १८६१ मध्ये अँटन डी बारी यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले आणि १८७६ मध्ये रोगकारकाला त्याचे आजचे नाव दिले.

त्यानंतरच्या काळात वाणांची निवड 'जे टिकले ते चांगले' या न्यायाने होऊ लागली. बेलफास्ट येथील व्यापारी जेम्स टॉर्बिट यांनी बियांपासून वाढवलेल्या रोपांतून रोगातही तगणारी रोपे निवडण्याचा उपक्रम १८७० च्या दशकात हाती घेतला आणि त्यासाठी चार्ल्स डार्विन यांनी स्वतः आर्थिक साहाय्य केले. १८७९ च्या तीव्र रोगाच्या वर्षात 'चॅम्पियन' हे स्कॉटिश वाण तुलनेने टिकून राहिले आणि आयर्लंडमध्ये त्याची लागवड झपाट्याने वाढली. पुढे त्याचीही प्रतिकारक्षमता ओसरली.

या ओसरण्याचे तत्कालीन स्पष्टीकरण लक्षात घेण्याजोगे आहे. कंदापासून वारंवार लागवड केल्याने वाण 'म्हातारे' होते, असा समज त्या काळी प्रचलित होता. विषाणुरोगांमुळे बेण्याचा ऱ्हास होतो हे खरे असले, तरी करप्याच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे होते. कंदापासून वाढणाऱ्या पिकात वाणाची जनुकीय घडण पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तीच राहते. बदलतो तो रोगकारक. शिक्षकी भाषेत सांगावयाचे तर विद्यार्थी तोच राहिला, प्रश्नपत्रिका बदलली. आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या वयाला देण्यात आला. एका वर्षाच्या कसोटीवरून वाणाला कायमचे प्रमाणपत्र देण्याची ही सवय पुढे शास्त्रीय चाचण्यांच्या काळातही पूर्णपणे सुटलेली दिसत नाही.

३. एक जनुक, एक आशा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस रेडक्लिफ सॅलमन यांना इंग्लंडमध्ये जंगली जातींच्या संततीत करप्याला दाद न देणारी रोपे आढळली. त्यातून मेक्सिकोतील सोलॅनम डेमिसम या जंगली जातीचे महत्त्व पुढे आले आणि तिच्याशी संकर करून नवी वाणे घडवण्याचा मार्ग खुला झाला. या जातीतून कालांतराने आर-१ ते आर-११ अशी प्रतिकारक जनुके वर्णिली गेली. यांपैकी एखादे जनुक असलेल्या रोपावर रोगकारक उतरला, की संसर्ग झालेल्या पेशी तत्काळ मरतात आणि रोग तेथेच अडतो. चाचणीच्या दृष्टीने हा निकाल अत्यंत सोयीचा होता: डाग पडला किंवा पडला नाही.

परंतु १९३० च्या दशकाच्या प्रारंभीच जर्मनीतील अशा संकरित वाणांवर नव्या प्रभेदाने रोग पाडल्याचे दिसून आले. जनुकांची संख्या वाढत गेली, तशी प्रभेदांचीही वाढत गेली. १९५३ मध्ये ब्लॅक, मास्टनब्रुक, मिल्स व पीटरसन यांनी प्रभेदांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत मांडली. ज्या जनुकांवर प्रभेद मात करतो, त्या जनुकांचे क्रमांक हेच त्या प्रभेदाचे नाव. या नामकरणातच चाचणीच्या अपयशाची कबुली दडलेली होती. रोगकारकाची ओळख आता त्याने पाडाव केलेल्या वाणांवरूनच करून द्यावी लागत होती.

मेक्सिकोतील टोलुका खोऱ्याने हा धडा अधिक स्पष्ट केला. सुमारे २६०० मीटर उंचीवरील या खोऱ्यात पावसाळी हंगामात कृत्रिम संसर्ग न करताही दरवर्षी करपा येतो. जॉन नीडरहाउझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे जगभरातील वाणे पडताळली. अन्यत्र निर्दोष ठरलेली, केवळ आर-जनुकांवर विसंबलेली वाणे तेथे रोगाला बळी पडली. पुढे १९५० च्या दशकात याच प्रदेशात रोगकारकाचे ए-१ व ए-२ हे दोन्ही मिलन-प्रकार आढळले. दोन्ही प्रकार एकत्र असल्यास लैंगिक प्रजनन होऊन नव्या जनुकीय जुळण्या सतत निर्माण होतात. म्हणजेच टोलुका हे चाचणीचे केवळ एक ठिकाण नव्हते, तर सर्वांत कठीण प्रश्नपत्रिका तेथे दरवर्षी नव्याने काढली जात होती. ए-२ हा प्रकार मेक्सिकोबाहेर, स्वित्झर्लंडमध्ये, आढळल्याचे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर इतर खंडांतील जुन्या चाचण्यांचे निष्कर्षही पुन्हा तपासणे अपरिहार्य झाले.

४. व्हॅन डर प्लँक यांची विभागणी व तिची मर्यादा

दक्षिण आफ्रिकेतील जे. ई. व्हॅन डर प्लँक यांचा रोगांच्या साथींवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रतिकारक्षमतेचे दोन प्रकार मांडले. काही प्रभेदांविरुद्ध प्रभावी व इतरांविरुद्ध निष्प्रभ अशी ती उभी प्रतिकारक्षमता. आणि सर्व प्रभेदांविरुद्ध कमी-अधिक सारखीच लागू पडणारी, रोग न थांबवता त्याचा वेग कमी करणारी ती आडवी किंवा क्षैतिज प्रतिकारक्षमता. 'व्हर्टिफोलिया' या जर्मन वाणाच्या उदाहरणावरून त्यांनी दाखवून दिले, की उभ्या प्रतिकारक्षमतेच्या आडोशाने पैदास करताना आडव्या प्रतिकारक्षमतेची निवडच होत नाही. रोगच न आल्याने कोणते रोप मुळात दुबळे आहे, हे दिसत नाही. जनुकावर मात करणारा प्रभेद आला, की झाकलेला दुबळेपणा एकदम उघड होतो.

ही मांडणी पीकसंरक्षणाच्या विचाराला वळण देणारी ठरली, यात शंका नाही. तथापि तिचा एक तार्किक दोष चाचणीच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. एखाद्या वाणाची प्रतिकारक्षमता 'सर्व प्रभेदांविरुद्ध' आहे, हे कोणतीही चाचणी सिद्ध करू शकत नाही; कारण अद्याप निर्माण न झालेले प्रभेद चाचणीत असू शकत नाहीत. परिणामी 'आडवी' हे विशेषण व्यवहारात 'आजवर न ढळलेली' एवढ्याच अर्थाने वापरले जाते. हंगेरीतील सार्वारी कुटुंबाच्या पैदासकार्यातून पुढे आलेले 'सार्पो मिरा' हे वाण याचे बोलके उदाहरण आहे. शेतात दीर्घकाळ टिकलेल्या या वाणात अनेक प्रतिकारक जनुके एकत्र असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यांपैकी शेतात मंदगतीने रोग रोखणारे म्हणून ओळखले गेलेले जनुक हे जुन्या यादीतील आर-८ च असल्याचे पुढे स्पष्ट झाले. जी प्रतिकारक्षमता वर्तनाने आडवी वाटत होती, तिचे मूळ उभ्या जनुकांतच निघाले. तेव्हा विभागणी उपयुक्त असली, तरी ती निसर्गातील सीमारेषा नसून आपल्या निरीक्षणाची सीमारेषा आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

५. चाचणीची रचना : काय मोजले जाते, काय सुटते

सध्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या चाचण्या घेतल्या जातात. पहिल्या प्रकारात पाने खुडून ओलसर ट्रेमध्ये पालथी ठेवतात, त्यांवर ठरावीक संख्येने बीजाणुधानी असलेला थेंब टाकतात आणि साधारणपणे १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात काही दिवसांनी डागाचा आकार व त्यावरील बीजाणूंची निर्मिती पाहतात. ही पद्धत स्वस्त, जलद व नियंत्रित आहे. किती ठिकाणी संसर्ग झाला, नवे बीजाणू येण्यास किती काळ लागला, डाग किती वेगाने वाढला हे घटक तिच्यात स्वतंत्रपणे तपासता येतात. मात्र खुडलेले पान हे उभे झाड नव्हे. पानाचे वय, झाडावरील त्याचे स्थान आणि वापरलेला प्रभेद यांनुसार निकाल बदलतो. एकाच प्रभेदाने घेतलेल्या चाचणीत 'प्रतिकारक' ठरणे याचा अर्थ 'या प्रभेदास प्रतिकारक' एवढाच होतो.

दुसरा प्रकार शेतातील चाचणीचा. वाणांचे छोटे वाफे लावून त्यांच्या मधल्या ओळींत रोगास सहज बळी पडणारे वाण लावतात, जेणेकरून रोग सर्वत्र सारखा पसरावा. ठरावीक दिवसांच्या अंतराने पाल्याचा किती टक्के भाग रोगग्रस्त झाला याची नोंद घेतात आणि रोगवाढीच्या वक्राखालील क्षेत्रफळ काढतात. अंतिम टक्केवारीपेक्षा ही पद्धत निश्चितच सरस आहे. समजा, दोन वाणांचा पाला अखेरीस ९० टक्के जळाला, परंतु दुसऱ्याने तो टप्पा दहा दिवस उशिरा गाठला. अंतिम आकडा दोघांना समान ठरवतो. वक्राखालील क्षेत्रफळ मात्र त्या दहा दिवसांचे मोल दाखवते. कंद भरण्याच्या काळातील हे दिवस उत्पादनात मोठा फरक पाडू शकतात.

तरीही शेतातील चाचणीच्या रचनेत एक छुपा दोष राहतोच आणि व्हॅन डर प्लँक यांनीच त्याकडे लक्ष वेधले होते. मंदगतीने रोगग्रस्त होणाऱ्या वाणाचा मुख्य लाभ असा, की त्याच्यावर बीजाणू कमी तयार होतात आणि त्यामुळे पुढील संसर्गही कमी होतो. मोठ्या शेतात हा लाभ दर पिढीगणिक वाढत जातो. चाचणीच्या छोट्या वाफ्यावर मात्र शेजारच्या दुबळ्या ओळींतून बीजाणूंचा वर्षाव सतत होत असतो. वाणाने स्वतः किती कमी बीजाणू निर्माण केले, याला तेथे फारसा अर्थ उरत नाही. याउलट, आर-जनुक असलेल्या वाणावर कितीही बीजाणू पडले, तरी प्रभेद जुळत नसल्यास डाग पडत नाही. म्हणजे एकाच शेतातील, एकाच नियमाने घेतलेली चाचणी एका प्रकारच्या प्रतिकारक्षमतेचे मूल्य कमी दाखवते आणि दुसऱ्या प्रकारचे पूर्ण दाखवते. ज्याचे मूल्य पूर्ण दिसते, तेच पुढे ढासळण्याची शक्यता अधिक असते. चाचणीचा हा पक्षपात कोणाच्या हेतूतून नव्हे, तर वाफ्याच्या आकारातून निर्माण होतो. म्हणूनच तो सहसा लक्षात येत नाही.

याशिवाय आणखी तीन बाबी निकाल धूसर करतात. पहिली, पक्वतेचा कालावधी. उशिरा तयार होणाऱ्या वाणांचा पाला सामान्यतः करप्याला अधिक काळ तोंड देतो. त्यामुळे केवळ गुणांकावर निवड केल्यास नकळत उशिरा येणारी वाणे निवडली जातात, जी शेतकऱ्याच्या पीकपद्धतीत बसतीलच असे नाही. दुसरी, पाला व कंद यांतील भेद. पाल्याची प्रतिकारक्षमता चांगली असलेल्या वाणाचे कंद साठवणुकीत करप्याने सडू शकतात. दोन्हींची चाचणी स्वतंत्रपणे घेणे आवश्यक असते. तिसरी, मोजपट्टीची दिशा. ब्रिटिश परंपरेतील १ ते ९ या श्रेणीत ९ म्हणजे सर्वाधिक प्रतिकारक. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी संबंधित संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मात्र अंक जितका मोठा, तितके वाण अधिक दुबळे. अशा वेळी मोजपट्टीचे नाव न देता छापलेला '८' हा अंक परस्परविरोधी दोन अर्थ धारण करतो. ही २००९ ची पद्धत एका बाबतीत अनुकरणीय आहे. तिच्यात प्रत्येक वाणाचा अंक ज्ञात प्रमाण-वाणाच्या तुलनेत काढला जातो, त्यामुळे भिन्न वर्षांच्या रोगतीव्रतेतील फरक बराचसा निघून जातो.

६. भारतीय संदर्भ

भारतात हा रोग १८७० ते १८८० या काळात निलगिरीत आणि १८८३ मध्ये दार्जिलिंग परिसरात आढळला. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटणा येथे स्थापन झाली व १९५६ मध्ये सिमल्यास हलवण्यात आली. सिमल्याजवळील कुफरी येथील दीर्घ दिवसांच्या हवामानात बटाट्यास चांगला फुलोरा येत असल्याने संकरणाचे काम तेथे झाले. भारतीय वाणांच्या नावामागील 'कुफरी' हा शब्द त्याचीच खूण होय.

१९६८ मध्ये प्रसारित झालेले 'कुफरी ज्योती' हे वाण या लेखाच्या प्रतिपादनाचा जणू सारांशच आहे. प्रसारणाच्या वेळी ते करप्यास प्रतिकारक होते आणि त्या वेळचा तो निष्कर्ष खोटा नव्हता. पुढे डोंगराळ भागातील रोगकारकाचे प्रभेद गुंतागुंतीचे होत गेले आणि ही प्रतिकारक्षमता ढासळली. वाण मात्र अन्य गुणांमुळे, विशेषतः विविध हवामानांशी जुळवून घेण्याच्या क्षमतेमुळे, मैदानी प्रदेशातही पसरले. महाराष्ट्रातही ते परिचित आहे. अशा स्थितीत वर्णनातील जुने विशेषण आपोआप गळून पडत नाही. निकाल कालबाह्य होतो, शब्द राहतो.

स्थळाचा प्रश्नही भारतात तीव्र आहे. डोंगराळ भागातील पीक उन्हाळी, दीर्घ दिवसांचे. गंगेच्या मैदानातील पीक रब्बीचे, आखूड दिवसांचे. तर पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांतील पीक मुख्यतः खरिपाचे, पावसावरचे. दिवसाची लांबी बदलली, की पक्वता बदलते आणि पक्वतेबरोबर पाल्याची सहनशक्तीही बदलते. १९७०-७१ पासून सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातील बहुस्थानीय चाचण्यांचे महत्त्व येथेच आहे. मात्र अनेक ठिकाणच्या निकालांची सरासरी काढून एकच शब्द छापला, तर बहुस्थानीय चाचणीने कमावलेली माहिती शेवटच्या ओळीत गमावली जाते.

कालाचा प्रश्न अलीकडे पुन्हा समोर आला. दक्षिण भारतातील बटाटा व टोमॅटोवरील तीव्र साथींमागे युरोपात पूर्वी आढळलेला, मेटालॅक्सिल या औषधाला न जुमानणारा '१३-ए-२' हा वंश असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. रोगकारकाची लोकसंख्या अशा प्रकारे बदलल्यानंतर त्यापूर्वीच्या चाचण्यांतील गुणांक इतिहास म्हणून मोलाचे राहतात. शिफारस म्हणून ते पुन्हा तपासावे लागतात.

जनुकशास्त्रीय प्रगतीने हा प्रश्न सोपा केला आहे, पण संपवलेला नाही. सोलॅनम बल्बोकॅस्टॅनम या जंगली जातीतील व्यापक प्रतिकारक्षमता देणारे जनुक २००३ मध्ये वेगळे करण्यात आले. २००९ मध्ये रोगकारकाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पुनरावृत्त असून यजमानाची संरक्षणयंत्रणा भेदणारी प्रथिने घडवणारी जनुके अशा चंचल भागांतच विखुरलेली आढळली. बल्बोकॅस्टॅनमच्या जनुकाला चकवणारी प्रथिनरूपेही रोगकारकात सापडली आहेत. वाणातील जनुक ओळखता आल्याने चाचणी अधिक अचूक होते. रोगकारकाची पुढील चाल मात्र तिला सांगता येत नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) 'प्रतिकारक' हे विशेषण वाणाचा स्थायी गुण म्हणून नव्हे, तर दिनांकित निकाल म्हणून वापरले जावे. त्यासोबत चाचणीचे वर्ष, स्थळ, हंगाम, रोगकारकाचा प्रभेद किंवा वंश आणि तुलनेसाठी घेतलेले प्रमाण-वाण यांचा उल्लेख असावा.

(२) कोणता करपा अभिप्रेत आहे, हे स्पष्ट असावे. पाला व कंद यांचे गुणांक वेगळे द्यावेत आणि मोजपट्टीची दिशा नमूद करावी.

(३) पक्वतेचा कालावधी समान असलेल्या वाणांचीच परस्परांशी तुलना करावी.

(४) छोट्या वाफ्यांतील निकालांना मोठ्या, परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांतील निरीक्षणाची जोड द्यावी. अन्यथा मंदगतीने रोग रोखणारी वाणे निवडीच्या टप्प्यावरच बाद होत राहतील.

(५) प्रसारणाबरोबर चाचणी संपते, ही धारणा सोडावी. वाण लागवडीखाली असेपर्यंत त्याची फेरतपासणी होणे आणि विशेषण मागे घेण्याची तरतूद असणे गरजेचे आहे.

या अपेक्षांवर असा आक्षेप घेतला जाऊ शकतो, की शेतकऱ्याला इतका तपशील नको असतो. त्याला एकच शब्द हवा असतो. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. कोणत्या शेतात, कोणत्या पावसात, कोणते बेणे कसे वागले, हे शेतकरी वर्षानुवर्षे लक्षात ठेवत असतो. बाजारही केवळ गुणांकावर चालत नाही. नेदरलँड्समधील क्लास डी फ्रीस या शाळाशिक्षकाने विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेले 'बिंत्ये' हे वाण करप्यास अत्यंत दुबळे असूनही अनेक दशके तेथे टिकून राहिले, कारण त्याचे इतर गुण ग्राहकाला हवे होते आणि दुबळेपणा सर्वांना माहीत असल्याने फवारणीचे नियोजन त्यानुसार होत होते. माहीत असलेला दुबळेपणा निभावता येतो; नाहीशी झालेली, पण कागदावर उरलेली प्रतिकारक्षमता निभावता येत नाही. चाचणीची विश्वासार्हता तिने दिलेल्या गुणांच्या उंचीवर नव्हे, तर त्या गुणांची मुदत केव्हा संपली हे सांगण्याच्या तिच्या तयारीवर अवलंबून आहे.